चुकीच्या रिअ‍ॅक्टरचा बॉटम व्हॉल्व्ह: इलिओपोलिस 2004 ची केस आणि मानवी चुकीचं गणित

23 एप्रिल 2004, रात्री साडेदहा वाजून गेलेले. अमेरिकेत इलिनॉय राज्यात इलिओपोलिस नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या फॉर्मोसा प्लास्टिक्सच्या पीव्हीसी प्लांटमध्ये स्फोट झाला. पाच कामगार गेले, तीन गंभीर जखमी झाले, रिअ‍ॅक्टर बिल्डिंगचा बहुतेक भाग आणि शेजारचं गोदाम उद्ध्वस्त झालं. गोदामातला पीव्हीसीचा माल धुमसत राहिला, धूर वस्तीवर यायला लागला म्हणून लोकांना दोन दिवस घरं सोडून जावं लागलं. याचा तपास अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने म्हणजे सीएसबीने केला आणि 2007 मध्ये रिपोर्ट दिला.

प्रोसेस सेफ्टीत ज्यांना ह्युमन रिलायबिलिटी असेसमेंट म्हणजे एचआरए (माणसाच्या चुकीची शक्यता आकड्यात मांडायची पद्धत) शिकायचंय त्यांना मी सगळ्यात आधी हीच केस वाचायला सांगतो. भोपाळ, टेक्सास सिटीच्या रिफायनरीतला स्फोट या केसेस फार मोठ्या आहेत, तिथे इतकं काही एकाच वेळी बिघडलेलं होतं की माणसाच्या चुकीचा धागा वेगळा काढताच येत नाही. इथे मात्र तो धागा अगदी स्वच्छ दिसतो, एक माणूस, एक जिना, दोन सारखे रिअ‍ॅक्टर आणि एक एअर होज.

आधी प्लांट समजून घेऊ. पीव्हीसी बनवायला व्हिनाइल क्लोराइड मोनोमर लागतो, सगळे त्याला व्हीसीएम म्हणतात. हा साध्या तापमानाला गॅस असतो (उणे 13 अंशाच्या आसपास उकळतो), म्हणून तो प्रेशरखाली लिक्विड ठेवतात, रिअ‍ॅक्टरमध्ये पाणी आणि इनिशिएटर (रिअ‍ॅक्शन सुरू करणारं केमिकल) यांच्यासोबत घालतात आणि बॅच चालवतात, रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी असते त्यामुळे कूलिंग लागतं. व्हीसीएमची वाफ हवेपेक्षा जड, ज्वलनशील, वर कॅन्सर करणारी. इलिओपोलिसला एका बिल्डिंगमध्ये असे 24 रिअ‍ॅक्टर होते, चार चारच्या ग्रुपमध्ये मांडलेले, वरच्या मजल्यावर चार्जिंग आणि कंट्रोल, खालच्या मजल्यावर बॉटम व्हॉल्व्ह आणि ड्रेन व्हॉल्व्ह. बॅच झाली की माल खालून ट्रान्सफर करायचा, मग उरलेला गॅस काढायचा, मॅनहोल उघडून हाय प्रेशर पाण्याने रिअ‍ॅक्टर आतून धुवायचा, आणि धुवून झाल्यावर खाली जाऊन बॉटम व्हॉल्व्ह आणि ड्रेन व्हॉल्व्ह उघडून ते पाणी जमिनीवरच्या गटारात सोडायचं.

त्या रात्री एक ऑपरेटर डी 306 नंबरचा रिअ‍ॅक्टर धूत होता. धुवून झाल्यावर तो जिन्याने खाली आला. खाली त्याची दिशा चुकली आणि तो शेजारच्या ग्रुपमधल्या डी 310 पाशी पोचला, जो दिसायला तसाच, मांडणीत त्याच जागी, पण त्यात बॅच चालू होती, म्हणजे आत प्रेशरखाली गरम व्हीसीएम. त्याने ड्रेन व्हॉल्व्ह उघडला. बॉटम व्हॉल्व्ह मात्र उघडेना, कारण त्याला इंटरलॉक होता, रिअ‍ॅक्टरमध्ये प्रेशर असेल तर तो व्हॉल्व्ह उघडतच नाही. मग त्याने आणीबाणीसाठी ठेवलेला एअर होज घेतला, व्हॉल्व्हच्या अ‍ॅक्च्युएटरला (हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) क्विक कपलिंगने जोडला आणि इंटरलॉक बाजूला ठेवून व्हॉल्व्ह उघडला. सगळा माल धो धो खाली आला.

हे सगळं सांगायला तो ऑपरेटर वाचला नाही. सीएसबीने हा क्रम सापडलेल्या व्हॉल्व्हच्या पोझिशन, जोडलेला होज आणि वाचलेल्या लोकांचे जबाब यावरून मांडला, आणि त्याच्या मनात काय होतं हे "बहुधा" या शब्दानेच सांगितलंय. मीही पुढे तसंच धरून लिहितोय.

ही चूक एक की दोन?

आता हॅझॉपच्या, म्हणजे प्लांटचा एकेक भाग घेऊन तिथे काय बिघडू शकतं ते तपासायच्या बैठकीच्या, टेबलवर बसलेली टीम या प्रकाराकडे कशी बघते ते बघा. ऑपरेटर चुकीच्या रिअ‍ॅक्टरकडे जाईल, ही पहिली चूक. ठीक आहे, पण तिथे इंटरलॉक आहे. इंटरलॉक बायपास करायचा तर होज मुद्दाम जोडावा लागतो आणि नियमाप्रमाणे सुपरवायझरची परवानगी लागते, म्हणजे ती दुसरी चूक, तीही मुद्दाम केलेली. दोन्ही एकाच वेळी होणं फार दुर्मिळ, लाल शाईने लिहिण्यासारखं काही नाही, पुढचा नोड, म्हणजे प्लांटचा पुढचा भाग, घ्या.

मला या केसमधून जे सांगायचंय ते इथेच आहे. या दोन चुका नाहीतच, ही एकच चूक आहे आणि तिचे दोन हात आहेत. तो माणूस मनाने डी 306 पाशी उभा होता. त्याच्या दृष्टीने हा रिअ‍ॅक्टर रिकामा होता, त्याने आत्ताच आपल्या हाताने धुतलेला, मॅनहोल उघडा, प्रेशर असायचं कारणच नाही. मग व्हॉल्व्ह उघडत नाही याचा अर्थ त्याला काय लागेल? व्हॉल्व्ह किंवा इंटरलॉक खराब झालाय, दुसरं काय. आपण सोसायटीत चुकून एक मजला आधी लिफ्टमधून उतरतो, दाराला चावी लावतो, फिरत नाही, तर आधी आपण चावी हलवतो, कुलूप अडकलंय म्हणतो, नेमप्लेटकडे नजर नंतर जाते, तसंच. इंटरलॉकने त्याला "थांब, इथे प्रेशर आहे" असं सांगितलं नाही, फक्त व्हॉल्व्ह न उघडून गप्प बसला. आणि गप्प बसलेलं उपकरण आणि बिघडलेलं उपकरण बाहेरून अगदी सारखं दिसतं.

एचआरएच्या भाषेत याला डिपेंडन्स म्हणतात. अणुभट्ट्यांसाठी स्वेन आणि गुटमन यांनी 1983 मध्ये थर्प नावाची पद्धत मांडली, त्यात पहिली चूक झाल्यावर दुसरी व्हायची शक्यता पाच पातळ्यांवर धरतात, शून्य, लो, मॉडरेट, हाय आणि कम्प्लीट. दुसऱ्या चुकीची स्वतंत्र शक्यता एन मानली तर लो डिपेंडन्सला (1 + 19 एन) भागिले 20, मॉडरेटला (1 + 6 एन) भागिले 7, हायला (1 + एन) भागिले 2. सूत्रं साधी आहेत पण त्यांचा परिणाम डोळे उघडणारा असतो.

करून बघू. थर्पमध्ये हाताने चालवायच्या व्हॉल्व्हसाठी वेगळा तक्ता आहे. व्हॉल्व्ह बाकीच्यांपासून लांब असेल आणि लेबल स्पष्ट असेल तर चुकीचा व्हॉल्व्ह निवडायची शक्यता 0.001, म्हणजे हजारात एक. सारख्याच व्हॉल्व्हच्या घोळक्यात असेल आणि लेबलही धड नसेल तर 0.01, म्हणजे शंभरात एक. माणूस तोच, ट्रेनिंग तेच, फक्त मांडणी आणि लेबल बदललं की दहापट फरक. मी इथे मधला 0.003 घेतो. बायपास चुकीने वापरायची स्वतंत्र शक्यता 0.01 धरतो. आणि समजा वर्षाला असं 1000 वेळा धुणं होतं. हे आकडे माझे उदाहरणासाठी आहेत, त्या प्लांटचे नाहीत.

1000 गुणिले 0.003, वर्षाला 3 वेळा कोणीतरी चुकीच्या रिअ‍ॅक्टरपाशी जाणार. चुका स्वतंत्र धरल्या तर 3 गुणिले 0.01, म्हणजे 33 वर्षांतून एकदा अपघात. या आकड्यावर बरेच लोक सही करतील. लो डिपेंडन्स धरा, दुसरी शक्यता 0.06 च्या जवळ जाते, साडेपाच वर्षांतून एकदा. मॉडरेट धरा, 0.15, दोन सव्वादोन वर्षांतून एकदा. हाय धरलं तर वर्षाला एकाहून जास्त. तुम्ही म्हणाल हाय फारच झालं, बहुतेक वेळा माणूस नंबर बघून माघारी फिरतो, बरोबर आहे, मीही इथे हाय धरणार नाही. पण 33 वर्षं आणि 5 वर्षं यातला फरक सगळ्यात सौम्य डिपेंडन्सने पडलाय हे लक्षात घ्या. स्वतंत्र मानून केलेला गुणाकार ही या पूर्ण विषयातली सगळ्यात महाग चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

आणि खऱ्या घटना कुठल्या आकड्याच्या जवळ जातात? जून 2003 मध्ये याच कंपनीच्या लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजच्या प्लांटमध्ये ऑपरेटरने चुकीच्या रिअ‍ॅक्टरचा बॉटम व्हॉल्व्ह उघडला आणि सुमारे 8000 पौंड, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त व्हीसीएम बाहेर पडला. फेब्रुवारी 2004 मध्ये खुद्द इलिओपोलिसला चुकीच्या रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह उघडून गळती झाली. एप्रिल 2004 ला स्फोट. दोन प्लांट, अकरा महिन्यांच्या आत तीन वेळा एकाच जातीची चूक. पहिल्या दोन वेळा आग लागली नाही एवढंच. हे तीन आकडे कुठल्याही हँडबुकपेक्षा मोलाचे होते, कारण ते त्याच कामाचे, त्याच प्रकारच्या माणसांचे होते. एका प्लांटमध्ये झालेली गळती दुसऱ्या प्लांटच्या हॅझॉपच्या कागदावर जात नसेल तर मग आपण 0.003 वर वाद घालून करणार काय?

त्याहूनही जुनं आहे. फॉर्मोसाने हा प्लांट 2002 मध्ये बॉर्डन केमिकलकडून घेतला होता. बॉर्डनच्या काळात 1992 च्या हॅझर्ड अ‍ॅनालिसिसमध्ये चालू रिअ‍ॅक्टरचा बॉटम व्हॉल्व्ह उघडला तर काय होईल हे ओळखलं गेलं होतं, आणि इंटरलॉकचा गैरवापर कमी होईल असा बदल सुचवलाही होता. तो झाला नाही. म्हणजे धोका बारा वर्षं कागदावर होता.

बायपास होता तरी कशाला

इथे घाई करून "बायपास ठेवायलाच नको होता" असं म्हणू नका. त्यामागे खरं कारण होतं. रिअ‍ॅक्टरचं कूलिंग गेलं, प्रेशर चढायला लागलं, तर आतला माल दुसऱ्या रिअ‍ॅक्टरमध्ये वळवून प्रेशर उतरवायचं असा आणीबाणीचा मार्ग ठेवला होता, आणि तेव्हा प्रेशर जास्त असल्यामुळे इंटरलॉक बॉटम व्हॉल्व्ह उघडूच देणार नाही, म्हणून होज. आणीबाणीत पटकन लागावा म्हणून क्विक कपलिंग, म्हणून हाताशी. म्हणजे एका संकटासाठी सोय केली आणि त्याच सोयीने दुसऱ्या संकटाचा दरवाजा उघडा राहिला.

एचआरएमध्ये याचे दोन्ही बाजूंचे हिशोब करावे लागतात. बायपास कुलपात ठेवला तर आणीबाणीत उशीर होण्याची शक्यता किती, आणि मोकळा ठेवला तर चुकीने वापरण्याची किती. पहिली घटना किती वर्षांतून एकदा येते? दुसऱ्या चुकीची संधी दिवसातून कितीदा येते? कूलिंग पूर्ण जाणं ही क्वचितची गोष्ट, रिअ‍ॅक्टर धुणं हे रोजचं काम. शिवाय पीव्हीसीत रिअ‍ॅक्शन थांबवायला शॉर्टस्टॉप केमिकल टाकायचा मार्ग असतो, व्हेंट असतो, त्यामुळे सगळा भार त्या होजवर नसतो. एवढा हिशोब एका कागदावर झाला असता तरी होज कुठे टांगायचा याचं उत्तर बदललं असतं असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात जेरी विल्यम्स यांनी हार्ट नावाची पद्धत काढली, तिच्यात चूक वाढवणाऱ्या परिस्थितींची यादी आहे आणि प्रत्येकीपुढे ती चूक जास्तीत जास्त किती पट वाढवते ते दिलंय. त्यात एक ओळ अशी आहे की माहिती किंवा संरक्षण दाबून टाकायचं, ओलांडायचं साधन फार सहज हाताशी असणं, 9 पट. दुसरी, जागेची आणि कामाची माहिती ऑपरेटरला पटकन कळेल अशा रूपात न मिळणं, 8 पट. आणखी एक, दुसऱ्याकडून स्वतंत्र तपासणी नसणं, 3 पट. इलिओपोलिसच्या खालच्या मजल्यावर या तिन्ही ओळी लागू होत्या. खाली कुठल्या रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच चालू आहे हे दाखवणारा दिवा किंवा इंडिकेटर नव्हता. खालच्या माणसाकडे रेडिओ नव्हता, इंटरकॉम नव्हता, शंका आली तर जिना चढून वर जाऊन विचारायचं. आणि कंपनी बदलल्यावर स्टाफिंगही बदललं होतं, आधी ऑपरेटरांच्या प्रत्येक टीमला ग्रुप लीडर असायचा, तो हाताशी असायचा, ते पद काढून त्याचं काम शिफ्ट सुपरवायझरकडे दिलं गेलं, जो आधीच दहा कामांत असणार. परवानगी घ्यायचा नियम राहिला, परवानगी देणारा माणूस मात्र लांब गेला. त्या रात्री परवानगी घेतली गेली नाही.

बिल्डिंगच्या कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं तर काय दिसतं, काय ऐकू येतं, कोणाला विचारता येतं, हे बघितल्याशिवाय हार्टच्या यादीतल्या ओळींवर टिक करता येत नाही. कॉन्फरन्स रूममध्ये बसून पी अँड आयडीवर, म्हणजे प्लांटच्या पाइप आणि उपकरणांच्या ड्रॉइंगवर, बोट फिरवून भरलेला एचआरएचा फॉर्म मला कधीच पटलेला नाही. पी अँड आयडीवर डी 306 आणि डी 310 कधीच चुकत नाहीत, तिथे नंबर ठळक छापलेला असतो. चूक जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते, आणि ती पायरी ड्रॉइंगवर नसते. आपल्याकडे तारापूर, लोटे, कुरकुंभ या भागात बॅच प्लांट भरपूर आहेत, एका ओळीत एकसारखे रिअ‍ॅक्टर, एकसारखे बॉटम व्हॉल्व्ह, टॅगवर रंग उडालेला किंवा इन्सुलेशनखाली झाकलेला, असं दृश्य तिथे काम केलेल्या कोणालाही अनोळखी नाही. तिथल्या सेफ्टी ऑफिसरने वरून रिअ‍ॅक्टर ठरवायचा, मग स्वतः जिना उतरून रात्रीच्या शिफ्टच्या उजेडात तो खाली शोधायचा, एवढं केलं तरी पुष्कळ कळेल.

गळती सुरू झाल्यावर

या भागावर थोडक्यातच लिहितो पण सोडून देता येत नाही. व्हीसीएम बाहेर पडायला लागल्यावर डिटेक्टरचे अलार्म वाजले, आणि सुपरवायझर आणि ऑपरेटर बिल्डिंग सोडून पळाले नाहीत, ते प्रेशर उतरवून गळती कमी करायच्या मागे लागले. काही मिनिटांत वाफेला ठिणगी मिळाली. त्यांना बेफिकीर म्हणणं अन्यायाचं आहे, आपला प्लांट, आपली माणसं वाचवायला ते थांबले होते. थर्पमध्ये अचानक आलेल्या घटनेचं निदान करायला किती वेळ लागतो याचा तक्ता आहे, पहिल्या मिनिटात निदान चुकायची शक्यता तो सरळ 1.0 धरतो, दहा मिनिटांनी 0.1, वीस मिनिटांनी 0.01. तेही कंट्रोल रूममध्ये बसलेल्या पूर्ण टीमसाठी. मग गॅसच्या ढगात उभ्या असलेल्या माणसाने कुठला व्हॉल्व्ह उघडलाय ते शोधून, ठरवून, बंद करावा ही अपेक्षा आकड्यात शून्याच्या जवळ बसते. अशा वेळी निर्णय माणसावर सोडायचाच नसतो. मोठ्या गळतीचा अलार्म म्हणजे बाहेर पडायचं, हे आधीच ठरलेलं आणि ड्रिलमध्ये अंगवळणी पडलेलं हवं. इलिओपोलिसला ते तसं झालेलं नव्हतं.

शीटमध्ये काय लिहायचं

आता कामाचं. लोपा, म्हणजे अपघात अडवणारे संरक्षणाचे लेयर एकेक मोजून प्रत्येकाला किती क्रेडिट द्यायचं ते ठरवायची पद्धत, करताना मी या केसवरून काही गोष्टी पक्क्या ठरवल्यात. सुरुवातीची घटना ऑपरेटरची चूक असेल आणि इंटरलॉक तोच ऑपरेटर, त्याच जागी उभा राहून, कोणाला न विचारता बायपास करू शकत असेल, तर त्या इंटरलॉकला मी स्वतंत्र लेयर म्हणून शून्य क्रेडिट देतो. यावर प्रॉडक्शनवाले चिडतात, एवढा खर्च करून इंटरलॉक लावलाय म्हणतात. इंटरलॉक चांगलाच आहे, तो प्रेशर बरोबर ओळखतो, इलिओपोलिसलाही त्याने बरोबरच ओळखलं होतं. प्रश्न त्याच्या सेन्सरचा नाहीच.

क्रेडिट परत हवं असेल तर बायपासची चावी दुसऱ्याकडे हवी. पण इथेही डिपेंडन्स परत येतो, हे फार जण विसरतात. ऑपरेटरने फोन केला, "साहेब 306 चा बॉटम व्हॉल्व्ह अडकलाय, बायपास करतो", आणि सुपरवायझर वर पॅनेलवर 306 बघून, रिकामा आहे, कर म्हणाला, तर परवानगी घेतली गेली, नियम पाळला गेला, आणि चूक जशीच्या तशी राहिली, कारण दोघंही 306 बद्दलच बोलत होते आणि होज 310 ला लागणार होता. सुपरवायझरला स्वतःची वेगळी माहिती मिळाली तरच ती स्वतंत्र तपासणी. म्हणजे त्याने खाली येऊन नंबर बघायचा, किंवा व्हॉल्व्हपाशी लोकल प्रेशर गेज आणि बॅच चालू असल्याचा दिवा असायचा आणि ऑपरेटरने 306 न म्हणता गेजवरचं रीडिंग वाचून दाखवायचं. रिकाम्या रिअ‍ॅक्टरच्या गेजवर प्रेशर दिसलं की फोनच्या दोन्ही टोकांना गडबड कळते.

यातलं काहीही महाग नाही. गेज, दिवा, दोन रेडिओ, प्रत्येक ग्रुपला वेगळा रंग, होजला कुलूप. माझ्या शीटमध्ये या प्रत्येकापुढे दोन रकाने असतात, एक म्हणजे याने पहिली चूक कमी होते का, आणि दुसरा म्हणजे पहिली चूक झाल्यावर त्या माणसाची समजूत यामुळे बदलते का. रंग आणि नेमप्लेट पहिल्या रकान्यात जातात. गेज आणि दिवा दुसऱ्यात. नुसता इंटरलॉक दुसऱ्या रकान्यात येत नाही, आणि ज्या कामात दुसरा रकाना रिकामा राहतो तिथे मी लो डिपेंडन्सच्या खाली कधीच जात नाही.